बॅलरॅट कलादालन : संग्रह आणि प्रदर्शने

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील बॅलरॅट शहराचे सार्वजनिक कलासंग्रहालय. मेलबर्नपासून पश्चिमेला सुमारे ११५ किमी.वर, लिडियर्ड स्ट्रीटवर त्याची जुनी इमारत आहे. स्थापना १८८४. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याच्या राजधानीत एक मोठे राज्य कलादालन असते. राजधानीबाहेरच्या शहरांत आणि गावांत जी सार्वजनिक दालने आहेत त्यांना तिथे ‘रिजनल गॅलरी’ म्हणतात. अशा दालनांमध्ये बॅलरॅटचे दालन सर्वांत जुने आहे आणि सर्वांत मोठ्यांपैकी एक मानले जाते. त्याचे खरे वैशिष्ट्य मात्र वय किंवा आकार हे नाही. या गावाने आपली आठवण राजधानीकडे जाऊ दिली नाही, ती गावातच सांभाळली. संग्रहातील सर्वांत मोलाच्या वस्तू या एका हट्टातून जमल्या आहेत.

स्थापना : बॅलरॅटच्या परिसरात १८५१ मध्ये सोने सापडले आणि वॉदावरंग या मूळनिवासी लोकांच्या या भूमीवर जगभरातून माणसे लोटली. पहिली काही वर्षे तंबूंची वस्ती होती. तीस वर्षांत तिथे दगडी बँका, चर्च, नाट्यगृह आणि रुंद रस्ते उभे राहिले. पैसा आला तशी आपल्याकडेही चित्रे असावीत ही आस आली. या कामात पुढाकार घेतला जेम्स ऑडी यांनी. ऑडी १८५१ मध्येच सोन्याच्या शोधात इथे आलेले. पुढे ते गावाच्या पहिल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, व्यवसायात कमावले आणि कमावलेले गावातच खर्च केले. माउंट प्लेझंट येथील वेधशाळा त्यांनी उभारली, स्टर्ट स्ट्रीटवरचा, १८५४ च्या खाणकामगार-बंडाचे नेते पीटर लेलर यांचा पुतळाही त्यांचीच भेट. १८८४ मध्ये नागरिकांनी कलादालनासाठी संस्था स्थापन केली, त्यामागे त्यांचाच जोर होता. राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, इमारतीची कोनशिला बसली. टॅपिन, गिल्बर्ट आणि डेनेही या वास्तुविशारदांनी आखलेली इमारत १३ जून १८९० रोजी खुली झाली. कलादालन म्हणूनच बांधलेली आणि आजवर त्याच कामासाठी वापरात राहिलेली ऑस्ट्रेलियातील ही सर्वांत जुनी इमारत होय.

फॉन गेरार्ड यांचे बॅलरॅट : संग्रहाचा स्वभाव एका चित्रात पाहायचा तर ते चित्र ‘१८५३–५४ च्या उन्हाळ्यातील जुने बॅलरॅट’ हे. ऑस्ट्रियात जन्मलेले ऑयगेन फॉन गेरार्ड सोने शोधायला बॅलरॅटला आले होते. सोने फारसे हाती लागले नाही; हाती राहिल्या त्या रेखाटनवह्या. पुढे निसर्गचित्रकार म्हणून त्यांचे मोठे नाव झाले आणि १८८२ मध्ये ते युरोपला परतले. तिथे असताना ऑडींनी त्यांना काम सांगितले : आपण दोघांनी तरुणपणी पाहिलेले ते गाव रंगवून द्या. १८८४ मध्ये, तीस वर्षांपूर्वीच्या रेखाटनांवरून, समुद्रापलीकडे बसून फॉन गेरार्ड यांनी ते रंगवले. चित्रात पांढऱ्या तंबूंची दाटी आहे, जमीन उकरून ठेवलेली आहे, झाडे तुटून गेली आहेत आणि मागे टेकड्या शांत उभ्या आहेत. चित्र झाले तेव्हा त्यातले गाव नाहीसे झालेले होते. ज्या वर्षी संस्था जन्मली त्याच वर्षीचे हे चित्र आहे; दालन कशासाठी काढायचे याची ऑडींची कल्पना त्यातून जितकी स्पष्ट होते तितकी कोणत्याही ठरावातून झाली नसती.

युरेका ध्वज : दालनाच्या ताब्यातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे एक फाटका ध्वज. खाणकामगारांवर सरकारने लादलेले परवाना शुल्क, त्याच्या वसुलीसाठी पोलिसांच्या धाडी आणि मताधिकाराचा अभाव यांविरुद्ध १८५४ मध्ये बॅलरॅटमध्ये असंतोष पेटला. नोव्हेंबरच्या अखेरीस बेकरी हिलवर निळ्या कापडावर पांढरा क्रूस आणि पाच तारे असलेला ध्वज उभारला गेला. पीटर लेलर यांच्या पुढाकाराने त्या ध्वजाखाली कामगारांनी एकमेकांची साथ न सोडण्याची शपथ घेतली. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे, रविवारी, सैन्य आणि पोलीस यांनी बॅलरॅटच्याच युरेका या भागात कामगारांनी उभारलेल्या कुंपणावर हल्ला केला. चकमक फार वेळ चालली नाही, पण वीसहून अधिक कामगार आणि काही सैनिक मेले. जॉन किंग नावाच्या पोलीस शिपायाने ध्वज खाली ओढला. पुढे राजद्रोहाच्या खटल्यांत तो पुरावा म्हणून न्यायालयात आणला गेला. नंतर तो किंग यांच्याकडेच राहिला आणि विमेरा भागातील त्यांच्या शेतावरच्या घरात वर्षानुवर्षे पडून होता.

किंग कुटुंबाने तो मेलबर्नच्या सार्वजनिक ग्रंथालयाला विकत देऊ केला होता. खरेपणाची खात्री पटत नाही म्हणून ग्रंथालयाने तो घेतला नाही. १८९५ मध्ये ऑडींनी किंग यांच्या विधवेला लिहिले आणि ध्वज बॅलरॅटला आला. राजधानीने संशय घेतला, गावाने विश्वास ठेवला. आज देशभर ओळखले जाणारे हे चिन्ह त्या विश्वासामुळे टिकले.

टिकले खरे, पण धडपणे नाही. मूळ ध्वज सुमारे ४ मी. लांब आणि २.६ मी. रुंद होता, उरलेला भाग ३.२४ मी. लांब आहे. वाऱ्याने फडफडणाऱ्या बाजूचे सुमारे पाऊण मीटर कापड गेले. लढाईच्या दिवशी सैनिकांनी आठवण म्हणून तुकडे फाडून नेले, आणि पुढे दालनात आल्यावरही पाहुण्यांना तुकडे कापून दिले गेले. आज हे ऐकताना अंगावर काटा येतो. त्या काळी जुन्या कापडाचे जतन हे शास्त्र म्हणून कुणाच्या मनातही नव्हते, आणि बंडाचा ध्वज अभिमानाने दाखवावा की नाही याबद्दलही सगळ्यांचे एकमत नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाच तो अस्सल ध्वज का, असा प्रश्न विचारणारे लोक होते.

१९७३ मध्ये बॅलरॅटमधल्याच एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने ध्वज नव्या कापडी पाठीवर टाका टाका घालून बसवला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला, लढाईच्या स्मृतिदिनी, पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्या हस्ते तो दालनात सन्मानाने मांडला गेला. मूळ ध्वज तीन स्त्रियांनी शिवला असे परंपरा सांगते, तेव्हा १९७३ चे हे टाके पाहताना जुन्या आणि नव्या शिवणीची एक साखळी डोळ्यांपुढे येते. क्रूसाचे आणि ताऱ्यांचे सुती कापड पिवळसर पडले आहे, निळी लोकर फिकी झाली आहे, आणि कडेची फाटकी झालर मुद्दाम लपवलेली नाही. किंग कुटुंबीयांनी २००१ मध्ये ध्वजाची मालकी रीतसर दालनाकडे दिली. २००६ मध्ये तो व्हिक्टोरिया राज्याच्या वारसा यादीत नोंदवला गेला आणि २०१० मध्ये तज्ज्ञांनी त्याच्यावर पुन्हा जतनाचे काम केले.

डूडिये यांची जलरंगचित्रे : ध्वजाच्या अस्सलपणाचा वाद मिटवण्यास अनपेक्षित मदत झाली ती कॅनडातून. शार्ल डूडिये हा कॅनडाचा तरुण १८५४ मध्ये बॅलरॅटच्या खाणींवर होता आणि डोळ्यांसमोर घडलेले तो वहीत रंगवत होता. ही वही कुटुंबाच्या माळ्यावर राहिली आणि १९९६ मध्ये उजेडात आली. दालनाने ती लिलावात मिळवली. त्यासाठी अनेक देणगीदारांनी हातभार लावला. ‘सदर्न क्रॉसची शपथ’ (सदर्न क्रॉस हा दक्षिण गोलार्धातला तारकासमूह; ध्वजावरचे तारे त्याचेच) या लहानशा जलरंगचित्रात गुडघे टेकलेली माणसे, उंच खांब आणि त्यावर तोच निळा-पांढरा ध्वज आहे. चित्र म्हणून त्यात कसब बेताचेच आहे. पण तिथे उभे राहून पाहिलेल्या माणसाची ती साक्ष आहे, आणि ध्वजाच्या शेजारी तिचे मोल कुठल्याही निष्णात चित्रापेक्षा जास्त ठरते.

एजॅक्स, कॅसान्ड्रा आणि लिंडसे भावंडे : सुरुवातीच्या काळात दालनाने इंग्लंडहून चित्रे मागवली. त्यांत सॉलोमन जे. सॉलोमन यांचे ‘एजॅक्स आणि कॅसान्ड्रा’ (१८८६) हे प्रचंड तैलचित्र होते. ग्रीक योद्धा एजॅक्स ट्रॉयची राजकन्या कॅसान्ड्रा हिला मंदिरातून उचलून नेत आहे, ती देवीच्या मूर्तीकडे हात पसरते आहे. आजच्या डोळ्यांना हे चित्र जड आणि क्रूर वाटू शकते. पण जवळच्या क्रेसविक गावातून आजोबांचा हात धरून दालनात येणाऱ्या एका मुलावर त्याची खोल छाप पडली. तो मुलगा म्हणजे नॉर्मन लिंडसे, पुढे ऑस्ट्रेलियाचा गाजलेला आणि तितकाच वादग्रस्त चित्रकार. क्रेसविकच्या डॉक्टरांच्या या घरातून पर्सी, लायोनेल, नॉर्मन, रुबी आणि डॅरिल असे पाच कलावंत निघाले. पर्सी निसर्गचित्रांत रमले, लायोनेल यांची वुडकट आणि एचिंग या प्रकारांतली छापचित्रे नावाजली गेली, रुबी यांनी पुस्तकांसाठी रेखाटने केली आणि १९१९ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्या ऐन तारुण्यात गेल्या. डॅरिल मेलबर्नच्या राष्ट्रीय दालनाचे संचालक झाले. या भावंडांच्या कामाचा बॅलरॅटमधला संग्रह महत्त्वाचा आहे. छोट्या गावातल्या मुलाला हाताच्या अंतरावर एखादे मोठे चित्र पाहायला मिळाले तर काय घडू शकते, याचे इतके सरळ उदाहरण क्वचित सापडते.

गावचेच दुसरे चित्रकार डेव्हिड डेव्हिस. ते १८६४ मध्ये बॅलरॅटमध्ये जन्मले आणि चंद्रोदयाच्या धूसर निसर्गचित्रांसाठी ओळखले जातात. त्यांचीही चित्रे इथे आहेत.

क्राउच यांची देणगी : सोन्याच्या खाणींच्या गावात मध्ययुगीन युरोपची हस्तलिखिते सापडतील अशी कुणी अपेक्षा करणार नाही. ती आली रिचर्ड आर्मस्ट्राँग क्राउच यांच्यामुळे. बॅलरॅटमध्ये जन्मलेले हे वकील ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संघीय संसदेचे सदस्य होते. चर्मपत्रावर हाताने लिहिलेली, सोन्याचा वर्ख दिलेली प्रार्थनापुस्तके त्यांनी जन्मगावाला दिली. वडिलांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या जॉर्ज क्राउच पारितोषिकामुळे समकालीन ऑस्ट्रेलियन चित्रे दालनात येत राहिली. अशी पारितोषिके प्रादेशिक दालनांसाठी खरेदीचा मार्गच असतात : विजेती कलाकृती संग्रहात जमा होते, आणि हाती फार पैसा नसतानाही दालन आपल्या काळाच्या बरोबर राहते.

काय दिसत नाही : सोन्याच्या काळातील चित्रांत ही भूमी जणू कुणाचीच नव्हती असे वाटते. वॉदावरंग लोक खाणींच्या काठावर राहत होते, व्यापार करत होते, त्यांची जमीन मात्र गेली होती. फॉन गेरार्ड यांनीच १८५४ मध्ये रंगवलेल्या एका चित्रात मूळनिवासी लोक खाणींच्या वाटेवर आलेल्या गोऱ्यांशी पोसम या लहान प्राण्याच्या कातड्याच्या पांघरुणांची देवघेव करताना दिसतात. ते चित्र शेजारच्या जिलाँग शहराच्या दालनात आहे. बॅलरॅटची चित्रे पाहताना हे दुसरे चित्र मनात ठेवायला हवे. अलीकडच्या दशकांत मूळनिवासी कलावंतांचे समकालीन काम दालनाने आपलेसे केले आहे, आणि ते फार आधी व्हायला हवे होते.

प्रदर्शने : संग्रहातील सगळे एकाच वेळी मांडता येत नाही. जलरंग, रेखाटने, छापचित्रे आणि हस्तलिखिते यांना उजेड सोसत नाही; ती मंद प्रकाशात थोडे महिने मांडून पुन्हा अंधाऱ्या कपाटात विसावतात. त्यामुळे स्वतःच्याच संग्रहातून नवनवी प्रदर्शने रचणे हे दालनाचे रोजचे काम. त्याला जोड बाहेरून येणाऱ्या प्रदर्शनांची. २०१४–१५ मध्ये ‘आयकॉन’ या प्रदर्शनात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती जगातील पूजाचित्रे मांडली गेली. २०१९ मध्ये गिटारच्या घडणीचा इतिहास वाद्यांमधूनच उलगडला. २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयातून एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या प्री-रॅफेलाइट गटातल्या चित्रकारांची रेखाटने आणि जलरंगचित्रे आली. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या बॅलरॅट आंतरराष्ट्रीय फोटो बिएनालेचे दालन हे एक मुख्य केंद्र असते. २०२१ मध्ये लिंडा मॅकार्टनी यांच्या छायाचित्रांचे मोठे प्रदर्शन त्यानिमित्तानेच इथे झाले. मेलबर्नहून सॉव्हरिन हिल या सोन्याच्या काळातले गाव उभे केलेल्या खुल्या संग्रहालयात सोने चाळायला येणाऱ्या सहलींत दालनाची भर घालणे अवघड नाही; दोन्ही ठिकाणे एकाच गावात आहेत.

व्हिक्टोरियातील इतर गावांनीही असाच मार्ग धरला. वॉर्नांबूलचे दालन १८८६ चे, बेंडिगोचे १८८७ चे, जिलाँगचे १८९६ चे, कासलमेनचे १९१३ चे. जिलाँगने फ्रेडरिक मॅककबिन यांचे ‘अ बुश बरियल’ हे चित्र लोकवर्गणीतून विकत घेतले. बेंडिगोने २००८ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या साहाय्याने वेशभूषेची मोठी प्रदर्शने भरवली आणि २०१२ मधील ग्रेस केली प्रदर्शनाला दीड लाखांवर प्रेक्षक आले. बॅलरॅटची ओढ मात्र आपल्या इतिहासाकडे अधिक राहिली आहे.

युरेका ध्वज २०१३ पासून दालनात नाही. लढाई झाली त्या परिसरातच उभ्या असलेल्या, आता युरेका सेंटर म्हटल्या जाणाऱ्या संग्रहालयात तो दालनाने उसना दिला आहे. तिथे अंधाऱ्या खोलीत, मंद दिव्याखाली तो काचेमागे आहे. आठवण म्हणून कापून नेलेले काही तुकडे वर्षांनी परत आले, काही लिलावात विकले गेले, आणि बाकीचे कुठल्या घरात कुठल्या पाकिटात आहेत याचा पत्ता नाही.