मांजर खात नाही, की त्याला खाता येत नाही?

१ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते आणि कोकणात माणसांसोबत मांजरांचंही ताट बदलतं. ताज्या बांगड्याच्या जागी सुकट-भात येतो. त्यामुळे पावसाळ्यात मांजराने वाटीला तोंड लावलं नाही की घरात निदान तयारच असतं : ताज्या मासळीसाठी रुसलंय. तेही असतं कधी. पण रुसलेलं मांजर पाली मारतं, शेजारी जेवून येतं. त्याची चिंता नको.

घोळ होतो तो भूक मेलेलं मांजर आणि भूक असून तोंड न चालणारं मांजर या दोघांत. वाटी दोघांचीही भरलेलीच राहते.

भूक मेलेलं मांजर तुम्ही मासे कापायला बसलात तरी विळीजवळ फिरकत नाही. माळ्यावर नाहीतर लाकडांमागे पडून राहतं. ताप, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, असं काहीतरी आत चाललेलं असतं.

दुसरं मात्र विळीचा आवाज आला की धावत येतं. तुकडा उचलतं आणि टाकतं, मान वाकडी करून एकाच बाजूने चावतं, लाळ गाळतं, पंजाने तोंड घासतं. हिरड्या सुजलेल्या असतात, जिभेवर व्रण असतात किंवा काटा रुतलेला असतो. किनाऱ्यावर आणखी एक भानगड, गरवणाऱ्यांनी, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांनी, टाकलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा. त्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, उरलेला पोटात जातो. दिसला तरी ओढू नका, आतडं चिरतं.

नाक चोंदलेलं मांजर दोन्हींच्या मधे कुठेतरी. वास आला नाही तर ते खातच नाही. बिनमिठाचा उकडलेला मासा कोमट करून पुढे ठेवा, निदान थोडं चाटेल. कालवण नको, कांदा-लसूण मांजराला विषारी.

हा फरक फार दिवस टिकत नाही, हीच खरी अडचण. काही दिवस पोटात नीट काही गेलं नाही की अंगातली चरबी यकृतात साचू लागते, जाड बोक्यांत तर हमखास धोका. मग यकृत बिघडून उरलेली भूकही मरते आणि हिरड्या, कानांची आतली बाजू पिवळी दिसू लागते. म्हणून पूर्ण दिवस उपाशी गेला की दवाखाना गाठा. पिल्लू असेल तर तेवढंही थांबू नका. डॉक्टरांना नुसतं 'खात नाही' म्हणू नका, वाटीपर्यंत येतं का ते सांगा. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, तिच्या एका गोळीने मांजर दगावू शकतं.