हॉर्निमन सर्कल उद्यान

मुंबईच्या कोट (फोर्ट) भागातील, सुमारे अडीच एकर क्षेत्राची गोल बाग. पूर्वेला टाऊन हॉल म्हणजेच एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाची इमारत, पश्चिमेला सेंट थॉमस कॅथीड्रल, आणि बागेला वळसा घालत गेलेल्या एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारती असा हा परिसर आहे. बाग तशी लहान. पण भोवतालच्या इमारतींसकट ती एकाच आराखड्यात बसवलेली असल्यामुळे मुंबईच्या नगररचनेच्या इतिहासात तिला तिच्या आकाराच्या मानाने फार मोठे स्थान आहे. इथे आधी बाग होऊन मग भोवती घरे उठली नाहीत. वर्तुळ आखले गेले तेव्हाच आतली हिरवळ आणि बाहेरची दगडी भिंत अशी जोडी ठरली होती.

या जागेचे जुने नाव बॉम्बे ग्रीन. कोटाला तट होता त्या काळात तटाच्या आतली ही मोठी मोकळी जागा होती. १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस चर्च तिच्या कडेला होते. तटाच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे यायची वाट होती तो चर्चगेट. दरवाजा गेला, नाव रेल्वे स्थानकाला उरले. ग्रीनवर कापसाच्या गाठींचे ढीग लागत. १८४४ च्या सुमारास कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला गेला आणि पुढची काही वर्षे ही जागा धूळ व कचऱ्याची होऊन राहिली. १८३३ मध्ये पूर्ण झालेला, डोरिक म्हणजे प्राचीन ग्रीक धाटणीच्या खांबांचा आणि रुंद पायऱ्यांचा टाऊन हॉल समोर या उकिरड्याकडे पाहत उभा होता.

ग्रीनवर कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस याचा संगमरवरी पुतळा घुमटीखाली बसवलेला होता. घुमटी म्हटली की आत देव असणारच, अशा समजुतीने लोक तिथे फुले वाहू लागले आणि त्या जागेला ‘छोटा देवळ’ म्हणू लागले, असे जुन्या मुंबईच्या आठवणींत सांगितले जाते. हा पुतळा आता भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. तिथे त्याला फुले वाहायला कोणी जात नाही.

१८५० च्या दशकात टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली काही शेअर दलाल जमून सौदे करू लागले. दलालांची संख्या वाढली तशी त्यांना जागा बदलावी लागली. १८७५ मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली आणि तिच्यातूनच दलाल स्ट्रीटवरचा मुंबई शेअर बाजार उभा राहिला. त्या बाजाराची आजची उंच इमारत बागेपासून चालत काही मिनिटांवर आहे.

ग्रीनचे वर्तुळ करावे ही कल्पना मुंबईचे पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांची. भारतातच वाढलेले फोर्जेट मराठी-गुजराती सफाईने बोलत आणि वेषांतर करून शहरात फिरत अशी त्यांची ख्याती होती. ताडदेवचा फोर्जेट स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि पुढे त्या पदावर आलेले सर बार्टल फ्रिअर या दोघांनीही योजनेला पाठिंबा दिला. सरकारकडून जमीन नगरपालिकेने घेतली, तिचे भूखंड पाडले आणि बहुतांशी इंग्रज व्यापारी कंपन्यांना मोठ्या नफ्यात विकले. त्या नफ्यामागे अमेरिकेतले यादवी युद्ध (१८६१–६५) होते. अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसा मावेनासा झाला. फ्रिअर यांनी कोटाचा तट पाडायला घेतला तोही याच वर्षांत. युद्ध संपताच भाव कोसळले, बँका बुडाल्या, पण वर्तुळाचे काम टिकले. झाडे आणि पायवाटांसह बागेची आखणी १८७२ मध्ये पूर्ण झाली. ज्या कापसामुळे ही जागा मळली होती, त्याच कापसाच्या पैशातून ती सुधारली, हा योग मजेशीर आहे.

नाव पडले एल्फिन्स्टन सर्कल. हे एल्फिन्स्टन म्हणजे १८५३ ते १८६० या काळातले गव्हर्नर लॉर्ड जॉन. ज्यांच्या स्मरणार्थ एल्फिन्स्टन कॉलेज निघाले ते आधीचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नव्हेत. मुंबईकर या दोघांची गल्लत नेहमी करतात.

इंग्लंडमधल्या बाथसारख्या शहरांत अर्धचंद्राकार घरांच्या रांगा आहेत, त्यांचा संस्कार या रचनेवर उघड दिसतो. मात्र त्या रांगा राहण्यासाठी होत्या. इथे कचेऱ्या आल्या आणि मुंबईच्या उन्हापावसाची सोय करावी लागली. ती सोय म्हणजे तळमजल्यावरची सलग कमानदार ओसरी. मालक वेगळे, कंपन्या वेगळ्या, पण रस्त्याकडचा चेहरा आणि ओसरी सगळ्यांना सारखी राखावी लागली. इमारतींची शैली इटालियन वळणाची अभिजात. घडीव दगड, ओतीव लोखंडाचे काम आणि कमानींच्या मधोमध कोरलेले दाढीवाले चेहरे. हे चेहरे पाहायचे तर ओसरीतून बाहेर येऊन मान वर करावी लागते, म्हणून रोज ये-जा करणाऱ्यांनाही ते ठाऊक नसतात. सलग ओसरीची हीच पद्धत दादाभाई नौरोजी मार्गावर अधिक मोठ्या प्रमाणात दिसते. तिथे मात्र प्रत्येक इमारतीने आपला थाट वेगळा ठेवला आहे. सर्कलची शिस्त तिथे नाही.

बागेभोवती लोखंडी कठडा आहे. आत मध्यभागाकडे जाणाऱ्या वाटा आणि जुनी मोठी झाडे आहेत. झाडे वाढल्यामुळे मूळ आराखड्यातला एक परिणाम हरवला: बागेच्या मध्यावर उभे राहून इमारतींचे पूर्ण वर्तुळ एका नजरेत आता दिसत नाही. त्याबद्दल तक्रार करावी असे दुपारी बाराच्या उन्हात तरी वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर सर्कलला बेंजामिन गाय हॉर्निमन यांचे नाव मिळाले. गव्हर्नरचे नाव काढून इंग्रजाचेच नाव दिले, हे वरवर चमत्कारिक वाटते. हॉर्निमन हे फिरोजशहा मेहता यांच्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या दैनिकाचे संपादक. रौलट कायद्याला विरोध आणि पंजाबातल्या अत्याचारांवरची टीका यांमुळे सरकारने एप्रिल १९१९ मध्ये त्यांना इंग्लंडला हद्दपार केले. १९२६ मध्ये ते परत आले, पुन्हा वृत्तपत्रे चालवू लागले आणि १९४८ मध्ये मुंबईतच वारले. क्रॉनिकलचे पुढचे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांचे नाव जवळच्याच रस्त्याला आहे. त्याच रस्त्यावरच्या लाल इमारतीत १८२२ मध्ये सुरू झालेल्या ‘मुंबई समाचार’ या गुजराती पत्राचे कार्यालय आहे.

आजूबाजूला बँका व कचेऱ्या असल्याने बागेचा दिवस त्यांच्या वेळापत्रकावर चालतो. जेवणाच्या सुट्टीत बाके भरतात. काळा घोडा कला महोत्सवाचे कार्यक्रम आणि सूफी-भक्ती संगीताचा ‘रुहानियत’ हा उत्सव या बागेत झाले आहेत. अशा वेळी मंच झाडांखाली असतो आणि इमारतींचे वर्तुळ त्याची मागची भिंत होते.