बातमीतली बाई: सीमाभागातून पाहिलेला इतिहास

माध्यमांत स्त्री-पुरुष कसे दाखवले जातात याचा अभ्यास १९७०च्या दशकात पाश्चात्त्य विद्यापीठांत सुरू झाला, असं सहसा शिकवलं जातं. विषयाला नाव तेव्हा मिळालं, हे खरं. पण मराठीत हा प्रश्न त्याआधी जवळपास नव्वद वर्षं एका बाईने विचारला होता.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली. त्या खटल्याचं निमित्त करून 'पुणेवैभव' या पत्राने एकूण बायकांच्याच नीतीवर तोंडसुख घेतलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी उत्तर म्हणून 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली आणि १८८२ मध्ये पुण्यात छापून घेतली. स्त्रीवर लादलेला एकेक दुर्गुण उचलायचा आणि त्याच मापाने पुरुषाला मोजायचं, ही त्यांची रीत. छापील मजकुराची इतकी कडक उलटतपासणी आजच्या संशोधनातही क्वचितच वाचायला मिळते. तरी हे पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे नव्या वाचकांच्या हाती आलं.

पुढचा धागा बेळगावातून जातो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उद्योगाची सुरुवात इथल्या सायकलींच्या दुकानापासून केली. १९१० मध्ये कारखाना बेळगाव सोडून किर्लोस्करवाडीला गेला आणि तिथूनच शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली 'स्त्री' मासिक काढलं. या मासिकामुळे शिकलेल्या मराठी घरातली बाई वाचक झाली, लिहू लागली. शेतात, वखारीत राबणारी बाई मात्र त्या पानांपासून बरीच लांब राहिली.

ती बाई दिसली निपाणीत. १९८०च्या सुमारास तिथल्या तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायका संघटित झाल्या, संपावर गेल्या. बेंगळुरूच्या 'युगांतर' या स्त्रीवादी चित्रपटगटाने त्यांच्यासोबत काही महिने घालवले, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि १९८२ मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. त्यात बायका स्वतःच्या तोंडाने स्वतःचं काम सांगतात. आणि तरीही आज निपाणीचं तंबाखू आंदोलन म्हटलं, की एप्रिल १९८१चं शेतकऱ्यांचं आंदोलन आणि त्यावरचा पोलीस गोळीबार आठवतो. ते बलिदान मोठंच होतं. पण वखारीतल्या बायकांचा लढाही त्याच गावचा, त्याच पिकाचा, त्याच काळातला. तो सहज आठवत नाही, याची मला फार खंत वाटते.

दिल्लीत दरम्यान दूरदर्शनविषयी चर्चा चालू होती. पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटाने १९८५च्या अहवालात पडद्यावरच्या स्त्रीप्रतिमेवर बोट ठेवलं. लगेच १९८६ मध्ये स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा आला. या कायद्याची नजर उघड्या अंगावर होती. बाई सतत कोणाची तरी आई, बायको किंवा बळी म्हणूनच का येते, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला.

तो प्रश्न आकड्यांत मांडला जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्पाने. १९९५ मध्ये ७१ देशांतल्या स्वयंसेवकांनी एकाच दिवसाच्या बातम्या तपासल्या. ज्यांच्याविषयी किंवा ज्यांच्या तोंडून बातमी आली, त्यांत स्त्रिया होत्या १७ टक्के. दर पाच वर्षांनी ही मोजणी होत राहिली; २०२० मध्ये ११६ देशांत आकडा २५ टक्क्यांवर पोचला. पंचवीस वर्षांत आठ टक्केबिंदूंची वाढ.

सीमाभागात ही मोजणी करायची तर एका भाषेत भागत नाही. आमच्या घरांत सकाळी मराठी पेपर येतो आणि संध्याकाळी कन्नड वाहिनी लागते. सौंदत्तीच्या डोंगरावरची जत्रा असो, ऊसतोड असो की भाषेचा मोर्चा, दोन्हीकडे बाईसाठी वेगळे शब्द, वेगळी जागा. सीमाप्रश्नाच्या बातम्या वाचतच मी मोठी झाले. मोर्चाच्या फोटोत पुढच्या रांगेत कायम बायका असत, हातात फलक, डोक्यावर पदर. फोटोखालच्या ओळीत त्या 'महिला कार्यकर्त्या' असत, आणि खालच्या मजकुरात नावानिशी बोलणारे सगळे पुरुष.