परिषदेसाठी लिहिलेलं समितीला पाठवू नका

‘संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने अमुक देशाविरुद्ध ठराव मंजूर केला’ ही बातमी दर वर्षी निदान तीनदा वाचायला मिळते. तीनदा, कारण मानवी हक्क परिषदेची नियमित अधिवेशनं वर्षातून तीन होतात. मानवी हक्क परिषद आणि मानवी हक्क समिती ही दोन वेगळी मंडळं आहेत, आणि ठराव परिषदेचा असतो. समिती असले ठराव करतच नाही, तिच्याकडे ते कामच नाही. याहून जुनी खोड म्हणजे ‘मानवी हक्क आयोग’. १९४६ साली स्थापन झालेला तो आयोग २००६ साली गुंडाळला गेला, त्याच्या जागी परिषद आली, तरी बातम्यांमध्ये तो अजून खडखडीत जिवंत आहे.

बातमीतली चूक एक वेळ सोडून देता येते. पण ज्यांना संयुक्त राष्ट्रांकडे जाऊन काही मागायचं आहे त्या स्वयंसेवी संस्थाच ही दोन नावं आलटूनपालटून वापरतात, तेव्हा सहा-सहा महिन्यांची मेहनत भलत्याच टेबलावर जाऊन पडते. असे बरेच मसुदे माझ्या हाताखालून गेले आहेत. ‘माननीय समितीने आमच्या सरकारचा तीव्र निषेध करून विशेष अधिवेशन बोलवावं’ हे त्यातलं ठरलेलं शेवटचं वाक्य. विशेष अधिवेशन परिषदेचं असतं आणि त्यासाठी परिषदेच्या एक तृतीयांश सदस्यांचा, म्हणजे १६ देशांचा पाठिंबा लागतो. समितीच्या सदस्याने हे वाचून करायचं तरी काय?

गोंधळात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. मंडळ मोठं आणि त्याची समिती छोटी, ही सवय आपल्या कानांना आहे. त्यामुळे ‘समिती’ म्हणजे परिषदेचीच एखादी उपसमिती असणार असं वाटतं. तशी ती नाही. परिषदेची स्वतःची एक सल्लागार समिती आहे, तिच्यातही १८ तज्ज्ञ आहेत, आणि ती तिसरीच गोष्ट आहे. तिच्याकडे आज दुर्लक्ष केलं तरी चालेल.

परिषद बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून तिच्याबद्दल थोडक्यात. मार्च २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावाने ती जन्मली. ४७ सदस्य देश, आमसभेत गुप्त मतदानाने निवड, तीन वर्षांची मुदत, लागोपाठ दोनच खेपा. आफ्रिका १३, आशिया-पॅसिफिक १३, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन ८, पश्चिम युरोप व इतर ७, पूर्व युरोप ६ अशी जागांची वाटणी. सदस्यत्व निलंबितही होतं. २०११ मध्ये लिबियाचं आणि २०२२ मध्ये रशियाचं झालं.

समिती तिच्या कितीतरी आधीची. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९६६ साली स्वीकारला गेला, १९७६ साली अंमलात आला, आणि त्याच कराराच्या अनुच्छेद २८ ने ही समिती उभी केली. करार मान्य केलेले देश तो पाळतात का, हे तपासणं तिचं काम. सदस्य १८, मुदत चार वर्षांची. निवड करार मान्य केलेले देश करतात, पण निवडून आलेली व्यक्ती तिथे आपल्या देशाची म्हणून बसत नाही. स्वतःच्या देशाची तपासणी चालू असताना तर ती त्यात भागच घेत नाही.

खुर्चीवर कोण बसलंय, हा यातला एकच फरक खरा अडकवणारा आहे. बाकीचे सगळे त्याच्या पोटातून निघतात.

परिषदेत खुर्चीवर देश बसतो. समोर दिसणारी व्यक्ती कितीही सहृदय असो, तिच्या हातातला कागद राजधानीतून आलेला असतो. तुमचा पुरावा तिला मनापासून पटला तरी मत कुठे द्यायचं हे तिच्या परराष्ट्र मंत्रालयात ठरतं, आणि तिथे व्यापार, शेजार, कर्ज, पुढच्या निवडणुकीतली देवाणघेवाण हे सगळं तागडीत पडतं. ऑक्टोबर २०२२ चं मतदान आठवा. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या परिस्थितीबद्दल खुद्द संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाचा अहवाल समोर होता. मागणी निषेधाची नव्हती. त्या अहवालावर पुढच्या अधिवेशनात चर्चा ठेवावी, एवढीच होती. बाजूने १७, विरोधात १९, तटस्थ ११. प्रस्ताव पडला. त्या दिवशी मतं कमी पडली, पुराव्याची जाडी वाढवून ती मिळाली नसती.

‘मग समितीकडे जायचं होतं,’ असं तेव्हा बऱ्याच जणांनी सुचवलं. पण चीनने त्या करारावर १९९८ साली नुसती स्वाक्षरी केली, अनुसमर्थन, म्हणजे करार स्वतःवर बंधनकारक करून घेणं, आजवर केलेलं नाही. कराराने बांधलेल्या देशालाच समिती प्रश्न विचारू शकते. (हाँगकाँग आणि मकाऊ हा अपवाद आहे, तिथे करार लागू राहिला आहे.) याची दुसरी बाजूही पाहा. अमेरिका २०१८ साली परिषदेतून बाहेर पडली तेव्हा ‘आता तिला विचारणारं कोणी नाही’ असं लिहिलं गेलं. करार तिने १९९२ सालीच स्वीकारलेला होता, त्यामुळे समितीच्या तपासणीला तिला बसावं लागणारच होतं.

समितीत खुर्चीवर माणूस बसतो. बहुतेक वेळा कायद्याचा प्राध्यापक, माजी न्यायाधीश किंवा वकील. फोन करून विचारावं अशी राजधानी त्याला नसते, आणि कुणाचं मत फिरवायचंही नसतं. त्याच्यापुढे अडचण वेगळीच असते. सरकारी शिष्टमंडळाशी संवाद साधारण तीन-तीन तासांच्या दोन बैठकांत उरकायचा, आणि सरकार सांगतंय त्यातलं काय खोटं आहे हे त्याला तिथल्या तिथे कळायला हवं. त्याला तुमच्या संतापाचा उपयोग नाही, नेमक्या प्रश्नाचा आहे.

म्हणून मागणी कशी लिहायची हे दोन्हीकडे पार बदलतं. फौजदारी मानहानीचंच उदाहरण घेऊ. एखाद्या देशात पत्रकारांवर या कलमाखाली खटले भरले जातात आणि तुम्हाला ते थांबवायचे आहेत.

परिषदेकडे हे नेण्याचा सगळ्यात उपयोगी रस्ता म्हणजे यूपीआर, म्हणजे सार्वत्रिक नियतकालिक आढावा. २००८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशाला आळीपाळीने त्याला सामोरं जावं लागतं, करार मान्य असो वा नसो. एकूण वेळ साडेतीन तास. त्यातली ७० मिनिटं त्या देशाची स्वतःची, उरलेली १४० मिनिटं बाकी देशांची. १२० देशांनी बोलायचं ठरवलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ७० सेकंद येतात. त्यात आभार, कौतुक आणि मग दोन-तीन शिफारशी. त्या सत्तर सेकंदांत तुमचं एक वाक्य बसावं यासाठी सगळी धडपड असते. ते वाक्यही त्या देशाच्या तोंडी शोभेल असं हवं: ‘मानहानी हा फौजदारी गुन्हा राहू नये यासाठी दंडसंहितेत दुरुस्ती करावी.’ संपलं. त्या बैठकीत संस्थांना बोलता येत नाही. म्हणून काम आधीच करावं लागतं, राजधानीतल्या दूतावासांमध्ये आणि जिनिव्हातल्या मिशनांमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांसाठीच्या देशोदेशींच्या कचेऱ्यांमध्ये. कोणत्या देशाला या विषयात आधीपासून रस आहे, मागच्या फेरीत त्याने काय म्हटलं होतं, हे शोधून त्याच्या हातात एक पान द्यायचं. एकच पान. चाळीस पानं घेऊन राजदूताला भेटणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. राजदूत ती हसून ठेवून घेतात.

तोच विषय समितीकडे न्यायचा तर कराराच्या अनुच्छेद १९ पासून, म्हणजे अभिव्यक्तीच्या हक्कापासून सुरुवात करा, कारण तिथे वाचन अनुच्छेदाने चालतं. कायद्याचं कलम कोणतं, किती खटले भरले गेले, किती जणांना कैद झाली, वरच्या कोर्टाने काय म्हटलं, मागच्या तपासणीत सरकारने कोणतं आश्वासन दिलं आणि त्याचं काय झालं. याच समितीने २०११ साली सामान्य टिप्पणी ३४ मध्ये (त्या अनुच्छेदाचा अर्थ सांगणाऱ्या दस्तऐवजात) मानहानीसाठी कैद ही कधीच योग्य शिक्षा नव्हे असं स्पष्ट लिहिलं आहे, त्याचा परिच्छेद दाखवा. आणि शेवटी सदस्याला जसाच्या तसा उचलता येईल असा प्रश्न द्या: ‘गेल्या आढाव्यानंतर या कलमाखाली किती जणांना कैद झाली, आणि दुरुस्तीचं विधेयक कोणत्या टप्प्यावर आहे?’ सरकारला यावर भाषण करता येत नाही. आकडा द्यावा लागतो, नाहीतर गप्प बसावं लागतं, आणि दोन्ही नोंदलं जातं.

वेळेचंही भान ठेवा. समितीकडे माहिती पाठवण्याच्या संधी दोन असतात. पहिली, सरकारला द्यायची मुद्द्यांची यादी बनते तेव्हा. दुसरी, प्रत्यक्ष संवादाच्या आधी. बहुतेक संस्था दुसऱ्या वेळी जाग्या होतात. पहिल्या यादीत जो विषय आला नाही तो नंतर घुसवणं फार जड जातं. सत्राच्या दरम्यान संस्थांसाठी बंद बैठकही असते, सरकारी माणसं तिथे नसतात. तिथे अहवाल वाचून दाखवू नका, तो त्यांच्याकडे आहे. अहवाल लिहिल्यानंतर काय घडलं ते सांगा. आणि एक सावधगिरी: पाठवलेला अहवाल सहसा संकेतस्थळावर चढतो, तेव्हा साक्षीदारांची नावं आधीच गाळा.

हाती येणारा कागदही वेगळा असतो. यूपीआरमध्ये तो देश प्रत्येक शिफारशीवर ‘मान्य’ किंवा ‘नोंद घेतली’ असा शिक्का मारतो. ‘नोंद घेतली’ म्हणजे सभ्य भाषेत नाही. तपासणीनंतर समिती जी निरीक्षणं लिहिते त्यांच्यावर असा शिक्का मारायची सोय नाही. देशाला ती आवडोत न आवडोत, ती समितीची राहतात. त्यातल्या काही निवडक शिफारशींचा समिती पाठपुरावा करते आणि सरकारच्या उत्तराला शाळेसारखी ए पासून ई पर्यंत श्रेणी देते. सरकारला ‘सी’ मिळाला आहे हे पत्रकाराला एका ओळीत कळतं. ‘चिंता व्यक्त केली’च्या शंभर ओळी मला त्यापुढे फिक्या वाटतात.

बाकीचे फरक भराभर. परिषदेच्या सभागृहात बोलायला संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा (ही वेगळी परिषद) सल्लागार दर्जा लागतो. तो देणाऱ्या १९ देशांच्या (पुन्हा वेगळ्याच) समितीत प्रश्नामागून प्रश्न विचारून अर्ज वर्षानुवर्षं लटकवता येतो. यूपीआरला लेखी माहिती पाठवायला किंवा मानवी हक्क समितीला अहवाल द्यायला तो लागत नाही. ‘आमच्याकडे दर्जा नाही म्हणून आम्ही काहीच पाठवलं नाही’ हे ऐकलं की मला डोकं धरावंसं वाटतं. मानवी हक्क परिषद पॅले दे नासिओंमधल्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मुख्यालयातल्या, त्या प्रसिद्ध रंगीत छताखाली भरते. छताखाली फोटो काढणं आणि आपलीच माणसं आपल्याच माणसांशी बोलतात असा उपकार्यक्रम भरवणं याला काही जण पैरवी म्हणतात. असो.

विशेष प्रतिवेदकांमुळे मात्र जाणकारही घसरतात. एखादा विषय किंवा देश यांच्यावर लक्ष ठेवणारे हे लोक समितीच्या सदस्यांसारखेच स्वतंत्र तज्ज्ञ आहेत, पण त्यांना नेमते परिषद. म्हणून ‘परिषद म्हणजे निव्वळ राजकारण’ असं म्हणून पाठ फिरवू नका. एखादा कार्यकर्ता काल उचलला गेला असेल तर त्यांच्याकडे तातडीचं आवाहन पाठवता येतं. करार मान्य असण्याची अट नाही, स्थानिक कोर्टांची पायरी संपवण्याचीही नाही.

समितीकडे वैयक्तिक तक्रार करायची तर या दोन्ही अटी आहेत, आणि शिवाय त्या देशाने पहिला पर्यायी प्रोटोकॉल, म्हणजे अशा तक्रारींची वाट उघडणारा जोडकरार, मान्य केलेला असावा लागतो. वाट लांबची. पण निकोलस टूनेन या ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातल्या कार्यकर्त्याने काय केलं पाहा. तिथे प्रौढ पुरुषांमधले खासगी, संमतीचे संबंध गुन्हा होते. ऑस्ट्रेलियाला तो प्रोटोकॉल २५ डिसेंबर १९९१ रोजी लागू झाला आणि टूनेनच्या तक्रारीवरची तारीखही तीच आहे. मार्च १९९४ मध्ये समितीने कराराचा भंग झाल्याचं मत दिलं, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या संसदेने कायदा केला आणि १९९७ साली टास्मानियाने ती कलमं काढून टाकली. लैंगिक कल आणि लिंगओळख यावरचा पहिला ठराव परिषदेत यायला २०११ उजाडलं, आणि तो २३ विरुद्ध १९ असा, तीन तटस्थ राहून, कसाबसा निघाला. पण त्याच वाटेने पुढे २०१६ साली या विषयासाठी स्वतंत्र तज्ज्ञ नेमता आला, आणि त्याला अशाही देशांना प्रश्न करता येतात ज्यांनी कोणताच प्रोटोकॉल मान्य केलेला नाही.

आता तुमच्या हातातला दस्तऐवज कुणाचा हे ओळखायची खूण. इंग्रजी आद्याक्षरांनी दोन्ही ‘एचआरसी’च होतात, त्यामुळे नावावर विसंबू नका, कोपऱ्यातला क्रमांक बघा. ‘ए/एचआरसी’ने सुरू होत असेल तर परिषद. ‘सीसीपीआर/सी’ने सुरू होत असेल तर समिती.