हेडफोन लावल्यावर येणारी चक्कर आणि मळमळ

हेडफोन किंवा इअरफोन लावून गाणी ऐकताना डोकं गरगरणं, तोल गेल्यासारखं होणं, पोटात ढवळणं, कधी कधी तर उमासे येणं, हा त्रास बऱ्याच जणांना होतो. हा एकच एक आजार नाही, एकाच तक्रारीमागे पाच-सहा वेगळी कारणं असू शकतात आणि त्यातली बरीचशी शरीरात नसून हेडफोनच्या सेटिंगमध्ये नाहीतर वायरमध्ये असतात. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या ऑफिसात दिवसभर हेडसेट लावून बसणारे आहेत, पीएमपीएमएलच्या बसमध्ये तासभर इअरबड्स न काढणारे आहेत, आणि घरी सांगितलं की "पित्त झालं असेल" किंवा "मग ऐकू नकोस ना" एवढ्यावर विषय संपतो. तो तिथे संपायला नको, कारण बहुतेक वेळा कारण सापडतं.

कान आणि तोल

कानशिलाच्या हाडात आत खोलवर ऐकण्याचा आणि तोलाचा अवयव अगदी चिकटून आहेत. कॉक्लिया आवाज पकडतो, तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं वळल्याचं कळवतात, आणि युट्रिकल व सॅक्युल या दोन बारीक पिशव्या सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्वाकर्षण ओळखतात. या सगळ्यांमध्ये द्रव एकच खेळतो आणि माहिती मेंदूकडे नेणारी नसही एकच, आठवी. मेंदू ही माहिती डोळे, मान आणि पाय काय सांगतायत त्याच्याशी ताडून बघत असतो, आणि मेळ बसला नाही की आधी अस्वस्थ वाटतं, मग मळमळतं. त्यामुळे आवाजाने चक्कर येते म्हणणाऱ्या माणसाला "मनाचे खेळ" म्हणून उडवून लावणं साफ चूक आहे.

नॉइज कॅन्सलेशन

हल्ली सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. या हेडफोनमधले मायक्रोफोन बाहेरचा आवाज पकडतात आणि त्याच्या उलट लहर आत सोडून तो मारतात, हे मुख्यतः खालच्या पट्टीतल्या आवाजांवर चालतं, म्हणजे एसीची घरघर, बसचं इंजिन. गाणं लावलेलं नसतानाही, नुसतं बटण चालू केलं तरी काहींना कानात दडे बसल्यासारखं होतं, खंडाळ्याच्या घाटात गाडी चढताना होतं ना तसंच. गंमत म्हणजे कानातला हवेचा दाब इथे बदललेलाच नसतो. सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण असं की खरोखर दाब बदलतो तेव्हा पडदा ताणला जाऊन खालच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, तेच आवाज इथे मशीनने काढून टाकलेत, म्हणून मेंदू दाब बदलला असं धरून चालतो. बहुतेकांना सवय होते, काहींना कधीच होत नाही, आणि ज्यांना होत नाही त्यांनी उगाच सहन करत बसू नये, फीचर बंद करावं किंवा बाहेरचा आवाज आत येऊ देणाऱ्या ट्रान्सपरन्सी मोडवर ठेवावं.

याच्या जवळचा एक प्रकार म्हणजे रबरी टोकाचे इअरफोन कान घट्ट बंद करतात तेव्हा स्वतःचा आवाज, चावणं, पावलांचे ठोके आतल्या आत घुमायला लागतात. वेताळ टेकडी उतरताना असे इअरफोन लावले की प्रत्येक पाऊल डोक्यात धाडधाड वाजतं आणि काहींचं त्यानेच डोकं उठतं. टोकाची साइज बदलून बघावी.

फिरणारा आवाज आणि तुटलेली वायर

यूट्यूबवर "८डी ऑडिओ" नावाने मिळणाऱ्या गाण्यांत आठ मिती वगैरे काही नसतं, साध्या गाण्याला घुमारा देऊन ते डोक्याभोवती गोल फिरवलेलं असतं. डोळे मिटून ऐकलं तर काही लोकांना आपणच फिरतोय असा भास होतो. स्पेशियल ऑडिओमध्ये, म्हणजे आवाज भोवतालच्या ठराविक जागेवरून येतोय असं भासवणाऱ्या फीचरमध्ये, डोकं वळवल्यावर आवाज जागेवर राहायला हवा, तो क्षणभर मागे पडला तरी तेच.

वायरवाल्या हेडफोनचं कारण मात्र फार कमी लोकांना माहीत असतं आणि ते नीट सांगायला हवं. जॅकजवळ वायर वाकून वाकून दोन्ही बाजूंची सामाईक ग्राउंडची तार तुटली तर दोन्ही स्पीकर एकमेकांना जोडले जातात आणि डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक ऐकू येतो, तोही एका कानात सुलटा आणि दुसऱ्यात उलटा. गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखा असतो म्हणून तो जवळजवळ गायब होतो, मागचं संगीत तेवढं उरतं आणि ते डोक्याच्या आत की बाहेर काहीच कळत नाही. असं दहा मिनिटं ऐकलं तरी कसंतरी व्हायला लागतं. दुरुस्तीत एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर गायक ऐकू येतो पण त्याला जागाच नसते, एरवी तो डोक्याच्या मधोमध असतो. ओळखायचं कसं, तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन मोनो ऑडिओ, म्हणजे दोन्ही कानांत एकच मिसळलेला आवाज, चालू करावा. आवाज जवळपास बंदच पडला तर ग्राउंड गेलेली आहे, पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत नवीन जॅक टाकून मिळतो. आणि ८डीचा त्रास असेल तर त्याच मोनोने तो थांबतो.

मोठा आवाज

सॅक्युलला खालच्या पट्टीतला जोरदार आवाजही जाणवतो, विसर्जनाच्या वेळी लक्ष्मी रोडवर डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून काहींना भोवळ येते त्यात गर्दी आणि उकाड्याबरोबर याचाही वाटा असू शकतो. पण हेडफोनच्या साध्या आवाजालाही दर वेळी जग हलल्यासारखं दिसत असेल तर तो तुलिओ परिणाम असू शकतो. पिएत्रो तुलिओ या इटालियन शास्त्रज्ञाने कबुतरांच्या अर्धवर्तुळाकार नलिकेला भोक पाडलं की आवाजाने त्यांची डोकी आणि डोळे हलतात हे दाखवलं, १९२९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. माणसांत वरच्या नलिकेवरचं हाड विरळ किंवा नाहीसं झालं तर हेच घडतं, हा आजार लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडला. अशा माणसाला स्वतःचे डोळे फिरल्याचा आवाजसुद्धा ऐकू येऊ शकतो. कानाच्या हाडाचा बारीक कापांचा सीटी स्कॅन आणि व्हेम्प तपासणीतून (आवाज ऐकवून स्नायूंची प्रतिक्रिया मोजतात) निदान होतं, त्रास जास्त असेल तर शस्त्रक्रियेने नलिका बुजवतात. आजार दुर्मिळ आहे.

आवाजाची मर्यादा सगळ्यांसाठीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४.

हेडफोनवर आळ येतो ती कारणं

घाटातल्या एसटीत मान खाली घालून रील बघताना मळमळलं तर ती गाडी लागलेली असते, आवडतं गाणं नुसतं ऐकल्याने उलट काहींना बरं वाटतं. पलंगावर लोळून गाणी ऐकताना कुशीवर वळलं की काही सेकंद सगळं गरगरतं, हे बहुतेकदा कानातले बारीक कण नलिकेत सरकल्याने होतं आणि डॉक्टर एप्ली प्रक्रियेने डोकं ठराविक क्रमाने फिरवून ते बसवतात. मायग्रेनवाल्यांना आवाज सहन होत नाही आणि चक्करही येते, डोकं दुखलंच पाहिजे असं नाही. कान भरल्यासारखा होणं, शिटी वाजणं, ऐकू कमी-जास्त येणं आणि वीस मिनिटांपासून काही तास टिकणारी चक्कर असं सगळं एकत्र असेल तर मेनिएर या आतल्या कानाच्या आजाराचा संशय घेतात. मळाचा गोळा इअरफोनने आत ढकलला गेला तरी त्रास होतो, कानाच्या नळीत पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेची फांदी असल्यामुळे तिथे टोचलं की खोकला येतो, क्वचित मळमळही.

काय करावं

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आधी नॉइज कॅन्सलेशन बंद, मग मोनो, मग आवाज कमी, मग दुसराच हेडफोन. सगळं बंद करूनही चक्कर येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं आणि चक्कर किती वेळ टिकते, कोणत्या आवाजाने येते हे नेमकं सांगावं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जावं. बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसलं, चेहरा वाकडा झाला किंवा हातपाय लुळे पडले तर थेट इमर्जन्सीत.

कान मोकळे राहतात म्हणून बरेच जण हाडातून आवाज देणारे हेडफोन सुचवतात आणि दड्यांचा त्रास असणाऱ्यांना ते खरंच सोयीचे पडतात, पण नलिकेवरचं हाड विरळ झालेल्यांना हाडातून आलेला आवाज जास्तच मोठा लागतो, त्यांनी ते विकत घेण्याआधी लावून बघावेत.