केस, नखे, घामग्रंथी: शेतात राबणाऱ्या अंगाचे शरीरशास्त्र

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या भागात पारा 45 अंशांच्या वर गेला, की अंगातली उष्णता बाहेर काढायला घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. कातडीचे तापमान साधारण 35 अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्याहून गरम झाली की उलटे होते, हवाच अंग तापवू लागते. त्या वेळी तेंदूपत्ता तोडणाऱ्याचा किंवा रोजगार हमीच्या कामावर माती उचलणाऱ्या बाईचा जीव वाचवतात त्या कातडीतल्या 20 ते 40 लाख घामग्रंथी.

घामग्रंथी, केसांची मुळे, त्यांना चिकटलेल्या तैलग्रंथी आणि नखे यांना मिळून त्वचेची उपांगे म्हणतात. आईच्या पोटात असतानाच कातडीचा वरचा पातळ थर ठिकठिकाणी खाली जाड थरात उतरतो आणि त्यातून ही उपांगे तयार होतात. म्हणजे वरच्या थराच्या पेशी एक-दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही खोल बसलेल्या असतात. चुलीवर किंवा उकळत्या पाण्याने भाजल्यावर याचाच उपयोग होतो. वरचा थर जळला, फोड आले, पण केसांची मुळे आणि घामनळ्या शाबूत असल्या, तर तिथून नव्या पेशी वर सरकतात आणि जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. भाजणे इतके खोल असेल की उपांगेही गेली, तर कातडी फक्त कडेकडेने वाढते आणि मोठ्या जखमेला दुसरीकडची कातडी लावावी लागते. अशी खोल जखम पांढरट किंवा चामड्यासारखी दिसते आणि फारशी दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती किरकोळ समजणे धोक्याचे.

घामग्रंथी म्हणजे एक बारीक नळी. तिचे खालचे टोक गुंडाळून वेटोळे झालेले असते, वरचे टोक कातडीवर उघडते. वेटोळ्यात रक्तातल्या पाण्याइतकाच खारट द्रव तयार होतो. वर येताना नळीची भिंत त्यातले बरेच मीठ परत ओढून घेते. पण घाम जोरात सुटला की द्रव भराभर वर जातो, मीठ ओढायला वेळच मिळत नाही, म्हणून कष्टाचा घाम जास्त खारट असतो. सदऱ्याच्या पाठीवर पांढरी नक्षी उमटते ती याचीच. एक लिटर घामातून साधारण 1 ते 3 ग्रॅम मीठ जाते आणि कडक उन्हातल्या जड कामात तासाला एक लिटर घाम सहज निघतो.

अंग थंड होते ते घाम वाळल्यामुळे, निघाल्यामुळे नव्हे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच टपटप खाली पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. घरातला कूलर मे महिन्यात हुडहुडी भरवतो आणि जुलैत नुसता ओलावा फेकतो, त्यामागेही हेच कारण आहे. म्हणून 38 अंशांच्या दमट दिवशी पऱ्हाटीत (कपाशीत) निंदण करणे कधी कधी 44 अंशांच्या कोरड्या उन्हापेक्षा अंगावर येते.

शरीर सवय करून घेते, पण त्याला 7 ते 14 दिवस लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि कमी खारट होतो. पुण्या-मुंबईहून गावी आलेल्या पोराने पहिल्याच दिवशी दुपारभर रानात राबू नये, ते एवढ्यासाठीच. खिशात कांदा ठेवल्याने घामग्रंथींवर काहीही परिणाम होत नाही. डोक्याला बांधलेला दुपट्टा मात्र खरोखर ऊन अडवतो, ओला असेल तर आणखी चांगला.

घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जाते, म्हणून भरून काढायचेही दोन्ही. नुसते पाणी लिटरच्या लिटर ढोसले तर रक्तातले सोडियम उतरते, पायात गोळे येतात, माणूस बावचळतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण पक्के लक्षात ठेवावे. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हेही चालते. सिकलसेल असलेल्यांनी तहान लागण्याची वाट पाहूच नये. अंगातले पाणी कमी झाले की त्यांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडून काढणाऱ्या वेदना सुरू होतात.

उष्माघातात कातडी कोरडीच असते हा समज सोडून द्यावा. राबणाऱ्या माणसाला उष्माघात होतो तेव्हा अंग बहुधा घामाने भिजलेले असते. असंबद्ध बोलणे, तोल जाणे, बेशुद्धी ही खरी खूण. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतत वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जाते.

घामोळ्या म्हणजे घामनळीचे तोंड बुजणे. घाम आतच फुटतो, पुरळ उठते, टोचते. त्यावर पावडरचा थर दिला की तोंडे आणखी बुजतात. थंड पाण्याने अंघोळ, सैल सुती कपडा आणि वारा पुरे. पुरळ गेल्यावरही त्या जागेच्या ग्रंथी दोन-तीन आठवडे नीट काम करत नाहीत, म्हणून पाठभर घामोळ्या आलेल्या माणसाला ऊन लवकर लागते.

काखेत आणि जांघेत दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात, त्या वयात आल्यावर सुरू होतात. त्यांच्या घट्ट घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, जिवाणू तो तयार करतात. कानातला मळ करणाऱ्या ग्रंथी आणि आईचे स्तन हीदेखील याच घराण्यातली.

आता फवारणी. केसांच्या मुळांची छिद्रे ही आत शिरायची वाटही आहे. पॅराथिऑन या कीटकनाशकावर माणसांवर झालेल्या प्रयोगात मनगट ते कोपर या भागातून जितके औषध अंगात गेले, त्याच्या सुमारे चौपट कपाळ आणि डोक्याच्या कातडीतून, सातपट काखेतून आणि जवळपास बारापट अंडकोषाच्या कातडीतून गेले. तिथली कातडी पातळ असते हेही एक कारण. पाठीवरचा पंप गळतो आणि ओघळ नेमका कंबरेखाली जातो, हे कोणत्याही कास्तकाराला ठाऊक आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत, दमट हवेत, उघड्या अंगाने फवारणे म्हणजे सगळी दारे उघडी ठेवणे. पूर्ण बाह्यांचे कपडे, पाठ व कंबरेला प्लास्टिक, वारा पाठीशी, आणि काम संपताच कपडे उतरवून साबणाने डोक्यासकट अंघोळ.

ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातल्या विषाची पहिली बातमी घामग्रंथीच देतात. या विषामुळे घामग्रंथीला हुकूम देणारे ॲसिटिलकोलिन हे रसायन मोडले जात नाही, साचत जाते. घाम थांबत नाही, लाळ गळते, बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, उलट्या होतात, स्नायू फडफडतात. ताबडतोब दवाखाना, सोबत फवारणीच्या औषधाची बाटली. तिथे देतात ते ॲट्रोपिन हाच हुकूम अडवते, आणि ते धोतऱ्यातही असते. म्हणूनच धोतरा खाल्लेल्याचे उलटे दिसते: अंग तापलेले, कोरडे, बाहुल्या मोठ्या.

केस रोज 50 ते 100 गळतात, ते नैसर्गिक. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी झुबके हातात येतात, कारण तापात किंवा बाळंतपणात एकदम विश्रांतीला गेलेले केस तेव्हा गळतात. मूळ जिवंत असते, बहुतेकांचे परत येतात. जावळ काढल्याने केस दाट होत नाहीत, वस्तरा मुळापर्यंत पोचतच नाही.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे बधिरता असेल, घाम येत नसेल, लव झडलेली असेल तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. जंतू नसा पोखरतात, त्यासोबत तिथल्या ग्रंथी आणि केसही जातात. उन्हात काम करताना सगळे अंग ओले आणि एक चट्टा कोरडा, ही खूण घरच्यालाही दिसते. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले तेव्हा आजच्यासारखे खात्रीचे उपचार नव्हते. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात 6 किंवा 12 महिन्यांच्या गोळ्या फुकट मिळतात.

तळहात-तळपायांना तैलग्रंथी नसतात, म्हणून भेगा तिथेच पडतात. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून, पुसून, ओलसर असतानाच व्हॅसलिन लावावे. कोरड्या कातडीवर नुसते तेल फारसे उपयोगाचे नाही, ते आतला ओलावा अडवते, नवा आणत नाही.

नखाचा कारखाना नखाच्या मागे, कातडीखाली असतो. समोर दिसतात त्या केराटिन नावाच्या कडक प्रथिनाने भरलेल्या मेलेल्या पेशी. कारखाना आणि बाहेरचे जग यांमध्ये कातडीची एक बारीक किनार असते, ती पाणी आत जाऊ देत नाही. भंडारा-गोंदियात धानाच्या रोवणीच्या दिवसांत हात-पाय आठ-आठ तास चिखलात असतात, किनार फुगते, सुटते, आणि नखुर्डे होते. ती दातांनी किंवा ब्लेडने कापू नये. ठणका आणि पू असेल तर सुईने टोचत बसू नये, दवाखान्यात चीर देऊन पू काढतात. महिनोन्महिने सूज राहिली तर बहुधा बुरशीही असते, आणि हात कोरडे राहिल्याशिवाय कोणतेच मलम लागू पडत नाही. बोटाचे नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढते, म्हणून गेलेले नख पुरते यायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याला 12 ते 18.