ऑनलाइन कॅटलॉग (ओपॅक) आणि ग्रंथालयाचं संगणकीकरण

एखादं पुस्तक ग्रंथालयात आहे का, कुठल्या कपाटात आहे, आत्ता जागेवर आहे की कोणी घरी नेलंय, हे कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर शोधता येणाऱ्या यादीला ऑनलाइन कॅटलॉग म्हणतात, ग्रंथालयवाल्यांच्या बोलण्यात ओपॅक. वाचकाला दिसतो तो फक्त सर्चचा चौकोन, पण त्यामागं प्रत्येक पुस्तकाची एक नोंद असते आणि ती नोंद कोणीतरी पुस्तक हातात घेऊन, मुखपृष्ठ उलटून, आतलं शीर्षकपान बघून केलेली असते. ती नोंद चुकली तर पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखंच, आणि मराठी पुस्तकांच्या बाबतीत हे फार वेळा होतं.

आधी हे सगळं कार्डावर चालायचं. साडेसात बाय साडेबारा सेंटीमीटरचं जाड कार्ड, खाली मधोमध भोक, त्यातून ड्रॉवरची सळई गेलेली म्हणजे कार्ड कोणी उपसून नेऊ नये. एका पुस्तकाची तीन-चार कार्डं लागायची, लेखकाचं वेगळं, शीर्षकाचं वेगळं, विषयाचं वेगळं, आणि प्रत्येक कार्ड आपापल्या जागी अक्षरक्रमानं लावायचं. एक कार्ड चुकीच्या जागी गेलं की ते सापडेपर्यंत वर्षं जायची.

कार्ड कॉम्प्युटरला वाचता यावं म्हणून जो साचा तयार झाला त्याचं नाव मार्क. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम या बाईंनी तो उभा केला, १९६६ मध्ये प्रायोगिक काम सुरू झालं आणि १९६९ पासून नोंदी टेपवर इतर ग्रंथालयांना मिळायला लागल्या. अव्हराम मूळच्या प्रोग्रामर होत्या, ग्रंथालयशास्त्र त्या हे काम करता करता शिकल्या, आणि मला वाटतं म्हणूनच कार्डावरची प्रत्येक ओळ त्यांनी इतक्या बारकाईनं सोडवली. मार्कमध्ये प्रत्येक गोष्टीला नंबर असतो: १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ०२० आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, ०८२ ड्यूई या वर्गीकरण पद्धतीचा वर्गांक, ३०० मध्ये पानं आणि आकार, ६५० मध्ये विषय. मराठी कादंबरीचा ड्यूई वर्गांक ८९१.४६३ येतो, पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. जगभरची बरीच ग्रंथालयं आजही याच नंबरांवर चालतात, पन्नास वर्षांहून जुना साचा आहे आणि बदला बदला म्हणणारेही खूप आहेत, पण अजून तोच आहे.

दुसरं मोठं पाऊल म्हणजे एकानं केलेली नोंद दुसऱ्यानं वापरणं. ओहायो राज्यातल्या कॉलेजांनी १९६७ मध्ये मिळून ओसीएलसी ही संस्था काढली, फ्रेड किलगोर तिचे प्रमुख, आणि २६ ऑगस्ट १९७१ ला ओहायो युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात पहिल्यांदा ऑनलाइन कॅटलॉगिंग झालं. गंमत म्हणजे सुरुवातीला या कॉम्प्युटरचं मुख्य काम कार्डंच छापणं हे होतं, नोंद ऑनलाइन व्हायची आणि छापलेली, क्रमानं लावलेली कार्डं पोस्टानं घरपोच यायची. ओसीएलसीनं शेवटची कार्डं १ ऑक्टोबर २०१५ ला छापली, तोवर आकडा जवळजवळ १९० कोटींवर गेला होता.

भारतात संगणकीकरण सुरू झालं ते बऱ्याच ठिकाणी युनेस्कोच्या सीडीएस-आयसिस या फुकट सॉफ्टवेअरवर. मग गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या संस्थेचं सोल आलं, ते विद्यापीठं आणि कॉलेजांमध्ये पसरलं, सरकारी ग्रंथालयांसाठी एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय आलं, आणि आता कोहा. कोहा न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी करून घेतलं, त्यांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हतं म्हणून, आणि जानेवारी २००० पासून ते वापरात आलं. त्यांनी ते सगळ्यांना खुलं करून दिलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्याकडं महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांतली हजारो वाचनालयं आहेत, त्यातल्या खालच्या वर्गातल्या वाचनालयांना लाखाचं सॉफ्टवेअर परवडणारच नाही, त्यांच्यासाठी ही भेट खरंच मोलाची आहे.

आता मराठीची अडचण. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला आकडा देणारी जगभरची पद्धत, रुळायच्या आधी बऱ्याच ठिकाणी मराठी एन्ट्री साध्या फॉन्टमध्ये झाल्या, म्हणजे स्क्रीनवर मराठी दिसायचं पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असायची. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला की सगळं अगम्य, आणि सर्च तर शक्यच नाही. मी तालुक्याच्या एका वाचनालयात एन्ट्रीचं काम केलंय, तिथं अशा काही हजार नोंदी होत्या, कन्व्हर्टरमधून काढल्या तरी रफार आणि वेलांट्या इकडच्या तिकडं झालेल्या, शेवटी दाखल रजिस्टर समोर ठेवून एकेक तपासावी लागली.

युनिकोड आल्यावरही सगळं सुटलं असं नाही. 'किनाऱ्यावर' हा शब्द घ्या, यातला ऱ्या दोन-तीन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, डोळ्याला अगदी सारखा दिसतो पण मशीनला ते वेगवेगळे शब्द वाटतात. एकानं एका कीबोर्डवर नोंद केली आणि वाचकानं दुसऱ्यावर शोधलं की उत्तर शून्य! सॉफ्टवेअरमध्ये ही रूपं आधी एकसारखी करून घ्यायची सोय असावी लागते. क्रमाचंही तसंच, आपण शाळेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ शिकतो पण नुसत्या युनिकोडच्या आकड्यांवर यादी लावली तर क्षीरसागर क मध्ये जातात आणि ज्ञानेश्वर ज मध्ये.

मग शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांनंतर नांव चं नाव झालं, कवि चा कवी झाला, पण कॅटलॉगचा नियम असा की शीर्षकपानावर जसं छापलंय तसंच उतरवायचं. नियम बरोबरच आहे, नाहीतर आवृत्त्या ओळखू येणार नाहीत. पण आजचा वाचक 'नाव' शोधतो आणि पुस्तकावर 'नांव' असतं. यावर मार्कमध्ये २४६ नंबरचा रकाना आहे, शीर्षकाचं दुसरं रूप तिथं द्यायचं, दोन मिनिटांचं काम. हा रकाना मराठी नोंदींत बहुतेक वेळा रिकामा दिसतो आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लेखकांच्या नावांसाठी वेगळी फाइल ठेवतात, तिला ऑथॉरिटी फाइल म्हणतात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच माणसाची नावं, केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, हे मराठी माणसाला माहीत असतं, मशीनला सांगावं लागतं. एकदा सांगितलं की कुठल्याही नावानं शोधा, सगळी पुस्तकं समोर येतात. त्यात 'वि.वा.' आणि 'वि. वा.' म्हणजे मधली मोकळी जागा हासुद्धा फरक पडतो, म्हणून वाचनालयानं एक पद्धत ठरवून सगळ्यांनी ती पाळायला हवी.

परदेशातल्या मराठी वाचकांना वेगळाच अनुभव येतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय १९६२ पासून मराठी पुस्तकं घेतंय, सुरुवातीला पीएल-४८० योजनेच्या पैशातून, म्हणजे अमेरिकेच्या गव्हापोटी भारतात जमा झालेल्या रुपयांतून, आणि ही पुस्तकं तिकडच्या विद्यापीठांत गेली. या नोंदी रोमन लिपीत ठरलेल्या नियमानं होतात. त्या नियमात देशपांडे मधल्या श साठी एस च्या डोक्यावर तिरकी रेघ येते आणि श नंतर इंग्रजी ए (a) हे अक्षरही येतं, आपण पासपोर्टवर लिहितो तसं स्पेलिंग तिथं नसतं, त्यामुळं रोजच्या स्पेलिंगनं शोधणाऱ्याला वाटतं इथं पुस्तकच नाही. देवनागरी रूप ८८० नंबरच्या रकान्यात देता येतं. तेही दिलेलं असलं तर सरळ मराठीत टाइप करून बघावं.

नव्या पुस्तकांचं काम आता सोपं झालंय, आयएसबीएन टाकला की दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद झेड ३९.५० नावाच्या सोयीतून ओढून घेता येते. जुन्या मराठी पुस्तकांवर मात्र आयएसबीएन नसतोच. तिथं उपयोगी पडते ती शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची. १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची ही सूची १९४३ मध्ये निघाली आणि १९५० पर्यंतचा पुढचा भाग १९६१ मध्ये. कॉम्प्युटर नसताना केलेलं हे काम आज कॉम्प्युटरवर नोंद करणारा माणूस शेजारी उघडून बसतो, प्रकाशन साल फाटलेल्या पानाबरोबर गेलेलं असेल तर ते तिथून मिळतं.

जुनी कार्डं चढवून झाली की ती रद्दीत काढायची घाई बऱ्याच ठिकाणी होते, तसं करू नये. आमच्या इथल्या एका जुन्या नाटकाच्या कार्डाच्या मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'शेवटची दोन पानं नाहीत, हातानं उतरवून जोडली आहेत.' पुस्तक काढून पाहिलं तर खरंच, बोरूच्या वळणाच्या अक्षरात दोन पानं शिवलेली. ती ओळ आता ५९० नंबरच्या रकान्यात, म्हणजे त्या ग्रंथालयापुरत्या टिपेत, जशीच्या तशी टाकली आहे.